"किती तास चालतो?" हा प्रश्न अपुरा का आहे : संशोधनासाठी लॅपटॉप घेताना बॅटरीचा हिशोब

परवा एका ज्युनिअरचा मेसेज आला. तिची पेट पास झाली आहे, विषय ठरतोय, घरच्यांनी लॅपटॉपसाठी पैसे बाजूला काढून ठेवलेत. "ताई, दोन मॉडेल शॉर्टलिस्ट केलीत. एकावर दहा तास लिहिलंय, दुसऱ्यावर सतरा. सतरावालाच घेऊ ना?"

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उलट विचारलं, "सतरा तास काय करत असताना?"

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. पण हा प्रश्न मी स्वतः वेळेवर विचारला नव्हता आणि त्याची किंमत मोजली होती. संशोधनात आपण रोज हेच करतो. कोणी आकडा समोर ठेवला की विचारतो, हे मोजलं कसं, कोणत्या परिस्थितीत, आणि माझ्या परिस्थितीला ते लागू होतं का? लॅपटॉपच्या डब्यावरचा आकडा आला की मात्र आपण हे सगळं विसरतो आणि मोठा आकडा दिसेल तिकडे बोट दाखवतो. म्हणून आज लॅपटॉपबद्दल लिहितेय, पण पद्धत संशोधनाचीच आहे.

चौतीस टक्के

मी राहते गासला. नालासोपारा स्टेशनाच्या पश्चिमेला सोपारा ओलांडून पुढे आलं की वाड्या सुरू होतात, तिथे. माझं काम आमच्याच भागातल्या सामवेदी, म्हणजे कादोडी बोलीतल्या लग्नगीतांवर आहे. वयस्क बायकांकडे जायचं, गाणी रेकॉर्ड करायची, मग घरी बसून शब्दन् शब्द लिहून काढायचा.

पहिल्या वर्षी माझ्याकडे कॉलेजपासूनचा जुना लॅपटॉप होता. वेगळा रेकॉर्डर घ्यायला पैसे नव्हते, म्हणून मायक्रोफोन थेट लॅपटॉपला जोडायचे. जुलैचे दिवस, पाऊस धो धो, लाइट गेलेली. एका आजींच्या ओटीवर बसलो होतो. आजी गात होत्या आणि मधूनमधून कुठलं गाणं कधी म्हणायचं ते समजावत होत्या. बॅटरी ३४ टक्के दिसत होती, म्हणून मी निवांत होते. पन्नासाव्या मिनिटाला स्क्रीन काळी झाली. सूचना नाही, काही नाही. घरी येऊन चार्जिंगला लावलं तर फाइल उघडेना.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेले. आजींनी न कुरकुरता परत सगळं म्हटलं. पण एका गाण्याची दोन कडवी त्यांना काही केल्या आठवेनात. "त्या दिवशी आली होती गं," एवढंच म्हणाल्या. माझ्या प्रबंधात त्या गाण्यापुढे आज "अपूर्ण" असं लिहिलेलं आहे.

त्यानंतर मी बॅटरी हा विषय नीट समजून घेतला. जे समजलं ते पुढे देतेय.

तास म्हणजे भागाकार

लाइट बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. लॅपटॉपची बॅटरीही याच एककात मोजतात. बहुतेक १४ इंची बिझनेस लॅपटॉपमध्ये ४० ते ६० वॅट-तासांची बॅटरी असते, म्हणजे एका युनिटचा साधारण विसावा भाग. हे झालं साठवण. दुसरा आकडा खर्चाचा : लॅपटॉप दर क्षणाला किती वॅट ओढतो.

साठवण भागिले खर्च बरोबर तास. ५० वॅट-तासांची बॅटरी आणि १० वॅट खर्च असेल तर पाच तास. खर्च ५ वॅटवर आणला तर तीच बॅटरी दहा तास जाईल.

म्हणजे "तास" हा बॅटरीचा गुण नाहीच. तो बॅटरी आणि तुमचं काम या दोघांमधून निघणारा आकडा आहे. मळ्यातली टाकी किती दिवस पुरेल, हे टाकीच्या आकारावरून एकट्याने सांगता येत नाही, पाणी किती घालता तेही सांगावं लागतं. तसंच हे.

एक सावधगिरी. काही ठिकाणी क्षमता एमएएचमध्ये लिहितात आणि मग गोंधळ होतो. लॅपटॉपवर ४,५०० एमएएच आणि पॉवर बँकेवर २०,००० एमएएच बघून वाटतं, पॉवर बँक चौपटीहून मोठी. पण एमएएचला व्होल्टेजने गुणल्याशिवाय तुलना होत नाही. लॅपटॉपची बॅटरी ११.४ व्होल्टची असेल तर ४.५ गुणिले ११.४, म्हणजे सुमारे ५१ वॅट-तास. पॉवर बँकेचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे २० गुणिले ३.७, ७४ वॅट-तास. म्हणजे चौपट सोडा, दीडपटही नाही. शिवाय व्होल्टेज वर-खाली करताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, ते वेगळंच. तुलना करायची तर वॅट-तासांतच करा.

जाहिरातीतला तास कुठून येतो

कंपन्या खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. त्या मोजतात आणि कसं मोजलं तेही बारीक अक्षरात लिहितात. ते बारीक अक्षर म्हणजे त्यांचं पद्धतीचं प्रकरण. पेपर वाचताना आपण ते वाचतो, इथेही वाचायचं.

ॲपलने २०२२ च्या एम२ मॅकबुक एअरसाठी दोन आकडे दिले होते : वाय-फायवर वेब बघत १५ तासांपर्यंत आणि चित्रपट बघत १८ तासांपर्यंत. बॅटरी ५२.६ वॅट-तास. आता उलटा भागाकार करा. ५२.६ भागिले १५ म्हणजे सरासरी साडेतीन वॅट. ५२.६ भागिले १८ म्हणजे तीन वॅटलाही थोडं कमीच. त्या मशीनवर हे होतं, कारण चाचणीत ब्राइटनेस एका ठरावीक पायरीवर ठेवलेला असतो आणि व्हिडिओ चालवण्याचं काम प्रोसेसरमधला त्यासाठीच बनवलेला भाग अगदी कमी विजेत करतो. पण तुम्ही व्हिडिओ कॉलवर असाल, पंधरा टॅब उघडे असतील, मागे आर किंवा पायथनचं गणित चालू असेल, तर खर्च तीन वॅट राहील का? नाही राहणार.

विंडोजच्या बिझनेस लॅपटॉपवर "मोबाइलमार्क" नावाच्या चाचणीचा आकडा दिसतो. ती ऑफिसच्या कामाची नक्कल करते, त्यामुळे तिचे तास बहुधा व्हिडिओच्या तासांपेक्षा कमी येतात आणि आपल्या कामाला जास्त जवळचे असतात. जपानमधल्या "जेईआयटीए २.०" पद्धतीत व्हिडिओ चालवतानाचा वेळ आणि स्क्रीन नुसती चालू ठेवून काहीच न करतानाचा वेळ, यांची सरासरी काढतात. काहीच न करता बसायला लॅपटॉप कोण घेतं?

त्या ज्युनिअरच्या दोन मॉडेलचं मी तपासलं. सतरा तास व्हिडिओचे होते, दहा तास मोबाइलमार्कचे. मोजपट्ट्याच वेगळ्या. तुलना होऊच शकत नव्हती.

आधी स्वतःचं मोजा

दुकानात जाण्याआधीची पायरी ही : आत्ता जो लॅपटॉप हाताशी आहे, स्वतःचा नसेल तर मित्राचा, त्याच्यावर आपलं काम किती वॅट खातं ते मोजायचं. खर्च शून्य.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत "पॉवरसीएफजी", मग एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि तिला चिकटून "बॅटरीरिपोर्ट" असं टाइप करून एंटर दाबा. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे दिसतील. खाली कोणत्या वेळी किती मिलीवॅट-तास उरले होते त्याची यादी असते. लिनक्सवर "यूपॉवर" ही आज्ञा चालू क्षणाचे वॅट थेट सांगते.

आता प्रयोग. चार्जर काढा, एकच प्रकारचं काम तासभर करा, सुरुवातीचा आकडा वजा शेवटचा आकडा. तासाभरात ९,००० मिलीवॅट-तास गेले तर तुमचं ते काम ९ वॅटचं आहे. प्रत्येक कामासाठी असं दोन-तीनदा करा, कारण एका वाचनावर भरवसा ठेवायचा नसतो, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

माझ्या जुन्या मशीनवर पीडीएफ वाचायला ६ वॅट लागत होते, रेकॉर्डिंगला ७, ईलान या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनी ऐकत लिप्यंतर करायला ९ आणि गाइडबरोबरच्या व्हिडिओ कॉलला १४. व्हिडिओ कॉल सगळ्यांत खादाड, कारण कॅमेरा, स्क्रीन, वाय-फाय आणि प्रोसेसर चौघंही एकाच वेळी कामाला लागतात.

मग दिवसाचा हिशोब. पण सगळ्या दिवसाचा नाही, *प्लगशिवायच्या सगळ्यांत लांब टप्प्याचा*. माझा तो टप्पा सहा तासांचा निघाला : एक तास लोकलमध्ये वाचन (सकाळी नाही, सकाळी विरार लोकलमध्ये लॅपटॉप सोडा, हात वर करायला जागा नसते, दुपारच्या परतीच्या गाडीत), दोन तास रेकॉर्डिंग, दोन तास लिप्यंतर आणि एक तास कॉल.

६ + १४ + १८ + १४ = ५२ वॅट-तास.

याला दोन भर घालायच्या. पहिली, बॅटरी शून्यापर्यंत वापरायची नाही, २० टक्के राखीव ठेवायचे : ५२ भागिले ०.८ म्हणजे ६५. दुसरी, दोन-तीन वर्षांत क्षमता उतरणार. पीएचडी तर त्याहून लांबते! तेव्हा ती मूळच्या ८० टक्क्यांवर आली असं धरू : ६५ भागिले ०.८ म्हणजे ८१ वॅट-तास.

८१ वॅट-तासांचा लॅपटॉप मिळतो, पण तो बहुतेक जड असतो. विमानाच्या केबिनमध्ये विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे, म्हणून कंपन्या ९९ च्या आसपास थांबतात, आणि तिथवर जाणारी मशीन सहसा मोठ्या ग्राफिक्सवाली असतात. ती खांद्यावर घेऊन नालासोपाऱ्याला गाडीत चढून दाखवा.

मग दुसरी वाट : छेद कमी करा. नव्या, काटकसरी मशीनवर मी मित्रमैत्रिणींकडे तीच चार कामं मोजली. वाचन ४, रेकॉर्डिंग ५, लिप्यंतर ६, कॉल ९ वॅट. ४ + १० + १२ + ९ = ३५. दोन्ही भर घालून सुमारे ५५ वॅट-तास. म्हणजे जुन्या मशीनला ८१ ची बॅटरी लागली असती ते काम नवं मशीन ५५ मध्ये करतं. बॅटरी मोठी करण्याआधी खर्च कमी करा, तेवढ्यानेच बराच प्रश्न सुटतो.

कॉन्फिगरेशन : काय नंतर बदलता येतं आणि काय नाही

इथे "बिझनेस लॅपटॉप" म्हणजे काय ते सांगते. जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीच्या दोन ओळी असतात. लेनोव्होचं आयडियापॅड घरगुती, थिंकपॅड बिझनेस. एचपीचं पॅव्हिलियन घरगुती, प्रोबुक आणि एलिटबुक बिझनेस. डेलचं लॅटिट्यूड बिझनेसचं होतं, २०२५ पासून ती ओळ "डेल प्रो" या नावाने येते. बिझनेस ओळीत दिसण्यावर खर्च कमी असतो. उलट सुटे भाग जास्त वर्षं मिळतात, दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच्या साइटवर उघड असते आणि एकाच मॉडेलमध्ये स्क्रीन, रॅम, बॅटरी निवडता येते. ही निवडच आपल्याला गोंधळात टाकते. माझा नियम साधा आहे : जे नंतर बदलता येत नाही, त्यावर आज पैसे घाला. जे बदलता येतं, ते नंतरच्या स्टायपेंडवर सोडा.

*स्क्रीन.* बदलत नाही, आणि हलक्या कामात सगळ्यांत जास्त वीज बहुधा तीच खाते. १४ इंच, १९२० बाय १२०० आणि मॅट, एवढं वाचन-लेखनाला पुरेसं. ब्राइटनेस ३०० ते ४०० निट्स. काही मॉडेलमध्ये "लो पॉवर" पॅनेलचा पर्याय थोडे पैसे जास्त घेऊन मिळतो, मिळाला तर घ्या. ओएलईडी दिसायला सुंदर, पण त्यात प्रत्येक उजळ ठिपका स्वतःची वीज खातो. आपण दिवसभर बघतो काय? पांढऱ्या पानाचे पीडीएफ. म्हणजे ओएलईडीला सगळ्यांत महाग पडणारं दृश्य.

*प्रोसेसर.* बदलत नाही. इंटेलच्या बाराव्या-तेराव्या पिढीत नावाच्या शेवटचं अक्षर बघा : यू म्हणजे मूळ शक्ती १५ वॅट, पी म्हणजे २८, एच म्हणजे ४५. हे आकडे सतत भार असतानाचे आहेत, नुसतं वाचताना एवढे लागत नाहीत. पण स्वभाव कळतो. लेखन, संदर्भ, मध्यम आकाराचं सांख्यिकी काम असेल तर यू पुरतो. ॲपल किंवा स्नॅपड्रॅगनचे आर्म प्रकारचे प्रोसेसर वीज फार जपून वापरतात, मात्र घेण्याआधी स्वतःच्या सॉफ्टवेअरची यादी करा. प्रयोगशाळेतल्या उपकरणाचा ड्रायव्हर, जुनं जीआयएस, डोंगल लावून चालणारं मराठी टाइपिंगचं सॉफ्टवेअर, यांतलं एक जरी चाललं नाही तर सतरा तासांची बॅटरी काय कामाची?

*रॅम.* इथे नीट बघा. काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डाला डाग देऊन बसवलेली असते, काहींत खाच असते. एकाच नावाच्या मॉडेलमध्येही फरक असतो. थिंकपॅड टी१४ च्या तिसऱ्या पिढीत एएमडीवाल्या मशीनची रॅम पूर्ण डागलेली होती, तर इंटेलवाल्यात थोडी डागलेली आणि एक खाच मोकळी. त्याच टी१४ च्या पाचव्या पिढीत इंटेलला दोन खाचा मिळाल्या. उलट इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत रॅम प्रोसेसरच्याच पाकिटात असते, १६ किंवा ३२ जीबी, पुढे वाढवणं अशक्य. ती मालिका बॅटरीला चांगली आहे, पण निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो. डागलेली असेल तर १६ जीबीच्या खाली जाऊ नका. आर डेटा मेमरीत ठेवून काम करतं, मोठा डेटा असेल तर ३२ चा विचार करा. खाच असेल तर आज कमी घेऊन चालतं.

*एसएसडी.* बहुतेक बिझनेस मॉडेलमध्ये एका स्क्रूवर बदलते. ५१२ जीबी घ्या आणि पुढे चला. माझा हिशोब सांगते : ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ रेकॉर्डिंग तासाला साधारण १ जीबी घेतं. शंभर तासांचं क्षेत्रकार्य म्हणजे १०४ जीबी. एक टीबीसाठी ज्यादा पैसे देण्यापेक्षा त्यातून बाहेरची डिस्क घ्या, कारण एकाच मशीनमधल्या एक टीबीला बॅकअप म्हणत नाहीत.

*वेगळं ग्राफिक्स कार्ड.* डीप लर्निंग किंवा थ्री-डी काम नसेल तर नको. ते वीज खातं, वजन वाढवतं, किंमत चढवतं. क्वचित लागत असेल तर विभागाचा सर्व्हर किंवा गुगल कोलॅब वापरा. मोठी गणितं असतील तर देशातल्या संस्थांमध्ये महासंगणक आहेत, पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे. गाइडना विचारा.

*बॅटरी.* आता मुद्द्याची. टी१४ च्या तिसऱ्या पिढीत ३९.३ आणि ५२.५ वॅट-तास असे दोन पर्याय होते. दुकानात समोर ठेवलेला, "ऑफर"मधला बरेचदा लहान बॅटरीचा असतो आणि नाव तर तेच. फरक १३.२ वॅट-तासांचा. ६ वॅटच्या कामाला दोन तासांहून जास्त. म्हणून मॉडेलचं नाव नाही, तुमच्या हातात येणाऱ्या त्याच मशीनचा तपशील वाचा : बॅटरी किती वॅट-तास, कोटेशनवर लिहून घ्या. बॅटरी नंतर बदलता येते हे खरं, पण नवीन घेतानाच मोठी घेणं स्वस्त पडतं.

*चार्जिंग.* टाइप-सीवर चार्ज होणारंच घ्या. युरोपीय संघाने २०२६ च्या एप्रिलपासून नव्या लॅपटॉपना ते बंधनकारक केलं आहे. त्याचा आपल्याला फायदा असा की मित्राचा चार्जर चालतो आणि पॉवर बँकही चालते. फक्त पॉवर बँक ४५ ते ६५ वॅट देणारी हवी, मोबाइलची २० वॅटवाली लॅपटॉपला पुरत नाही. बऱ्याच बिझनेस मॉडेलमध्ये जलद चार्जिंगने तासाभरात ८० टक्क्यांपर्यंत जाता येतं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये प्लग मिळत असेल तर तुमचा "सगळ्यांत लांब टप्पा" अर्ध्यावर येतो आणि मोठ्या बॅटरीचे पैसे वाचतात.

बॅटरी म्हातारी का होते

लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये, सोनीने आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तत्त्व असं की चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात आणि वापरताना परत निघतात. या ये-जेत ग्रॅफाइटवर एक पापुद्रा तयार होतो. तो बॅटरीला लागतोच, पण वर्षानुवर्षं जाड होत जातो आणि थोडं थोडं लिथियम कायमचं अडकवतो. म्हणून क्षमता घटते. उष्णतेने आणि बॅटरी सतत १०० टक्के भरलेली ठेवल्याने हे लवकर होतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात चोवीस तास चार्जरला लावलेला लॅपटॉप म्हणजे नेमकी ही परिस्थिती.

माझ्या चौतीस टक्क्यांचं कोडंही इथेच सुटलं. बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता ४१ वॅट-तास होती, उरलेली २३. त्याचे ३४ टक्के म्हणजे जवळजवळ आठ, म्हणजे ७ वॅटच्या रेकॉर्डिंगला अजून तासभर जायला हवं होतं. पण जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोधही वाढलेला असतो. मशीनने अचानक जास्त वीज मागितली की व्होल्टेज धाडकन खाली येतं, सुरक्षेच्या मर्यादेखाली गेलं की बॅटरी स्वतःला तोडून टाकते. आणि टक्के हे काही मोजलेलं माप नाही, तो एका चिपने लावलेला अंदाज असतो. म्हाताऱ्या बॅटरीत तो अंदाज चुकतो.

उपाय छोटे आहेत. लेनोव्हो, डेल, एचपी तिघांच्याही बिझनेस मशीनमध्ये चार्ज ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते. घरी टेबलावर काम करताना ती चालू ठेवा, क्षेत्रकार्याच्या आदल्या रात्री बंद करून पूर्ण भरा. वॉरंटी घेताना विचारा की बॅटरी त्यात किती वर्षं आहे, कारण लॅपटॉपला तीन वर्षं असली तरी बॅटरीला अनेकदा एकच वर्ष असते. आणि बदलायची वेळ आली तर बीआयएसचा शिक्का असलेलीच घ्या. स्वस्तातल्या बिनशिक्क्याच्या बॅटरीवर मांडीवरचा लॅपटॉप चालवू नका.

नवा परवडत नसेल तर

सगळ्यांना फेलोशिप नसते, हे मला माहीत आहे. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, पण ती न मिळालेले आपल्यात जास्त आहेत आणि मिळाली तरी पहिले पैसे हातात पडेपर्यंत महिने जातात. अशांसाठी कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून परत केलेले बिझनेस लॅपटॉप हा चांगला मार्ग आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात, आपल्याकडून ग्रँट रोडला उतरलं की झालं. तिथे विक्रेत्यासमोर बॅटरी रिपोर्ट काढा. आजची क्षमता मूळच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत धरूनच भाव करा. दुकानदार "तीन तास बॅकअप आहे" म्हणाला तर काय विचारायचं, ते आता तुम्हाला माहीत आहे.

वीज जाणार, हे धरून चाला

जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, वसई-विरारमध्ये वीज गेली. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून मुंबई-ठाण्याची वीज एका झटक्यात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. असे दिवस रोज येत नाहीत, पण पाच वर्षांच्या पीएचडीत एखादा येतोच. त्यासाठी मोठी बॅटरी हा एकच उपाय नाही. मी आता रेकॉर्डिंग लॅपटॉपवर करतच नाही. पेन्सिल सेलवर चालणारा छोटा रेकॉर्डर आहे, खिशात सेलची ज्यादा जोडी असते, आणि त्याच संध्याकाळी फाइल दोन ठिकाणी जाते. सगळ्या हिशोबातून रेकॉर्डिंगचे १० वॅट-तास वजा झाले, ते वेगळंच.

मग तिला काय सांगितलं?

तिचा विषय अर्थशास्त्राचा, काम आरमध्ये, प्रवास बोरिवलीपर्यंत, कॉलेजच्या ग्रंथालयात प्रत्येक टेबलाला प्लग. एक आठवडा मोजायला लावलं. तिचा प्लगशिवायचा लांब टप्पा निघाला अडीच तासांचा! ना तिला सतरा तास लागत होते, ना दहा. तिने दहा तासवालाच घेतला, आणि वाचलेल्या पैशांतून १६ ऐवजी ३२ जीबी रॅम घेतली, कारण ती डागलेली होती आणि तिचा डेटा मोठा होता.

माझं उत्तर तिच्यापेक्षा वेगळं आलं आणि तुमचं आम्हा दोघींपेक्षा वेगळं येईल. म्हणून खरेदीआधी एका कागदावर एवढं लिहा : माझी चार मुख्य कामं, प्रत्येकाचे वॅट, प्लगशिवायचा सगळ्यांत लांब टप्पा, दोन भर घालून आलेले वॅट-तास, आणि मशीनमधल्या न बदलणाऱ्या गोष्टींची यादी. तो कागद घेऊन दुकानात जा. विक्रेता तास सांगेल, तुम्ही वॅट-तास विचारा.

त्या आजींकडे मी अजून जाते. दोन कडव्यांची वाट बघतेय. मागच्या खेपेला त्यांनी एका कडव्याची पहिली ओळ गुणगुणली आणि थांबल्या. रेकॉर्डर चालू होता.